दोन साल थांबा जी

येणाऱ्या काळाची आमच्या साडभाऊंएवढी काळजी करणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्या काळजीपायी चालू काळाला इतकं दारात ताटकळत ठेवणाराही सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर. धंदा धानाची शेती. वय साठीच्या अलीकडे की पलीकडे, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मी साकोलीत मास्तरकी करून निवृत्त झालो. साकोली हायवेवरचं तालुक्याचं गाव, उपविभागाच्या कचेऱ्या इथं, दुकानं इथं, त्यामुळे साडभाऊंचं दर आठवड्याला इथं काही ना काही काम निघतं. काम कधी होत नाही. बसमधून उतरतात, सरळ माझ्या घरी येतात आणि माझ्या खुर्चीत बसतात. खुर्चीत मी आधीच बसलेलो असलो तर शेजारी उभं राहून माझ्याकडे बघत राहतात, शेवटी मीच उठतो. मग पिशवीतून हिरव्या मिरच्या काढून बायकोच्या हाती देतात आणि मला विचारतात, "काय म्हन्ते मास्तर, तुमचा एआय?" जसा काही तो मीच परसात बांधून ठेवलाय.

एआय येणार आणि जगाची पार उलथापालथ करणार, की नुसता गाजावाजा होऊन विरून जाणार, हा प्रश्न म्हणे जगातल्या मोठमोठ्या लोकांना पडला आहे. पण त्या लोकांना निदान जेवण जात असावं. साडभाऊ घास हातात धरून विचार करतात. माझ्याकडे आले की आठवड्याभराचे पेपर वाचतात, ते संपले की कपाटात अंथरलेले वाचतात, आणि एकदा तर भज्यांखालचा तेलकट तुकडा उन्हाला धरून वाचताना मी त्यांना बसस्टँडवर पाहिलं आहे. पेपरात सोमवारी एक विद्वान लिहितो की दोन वर्षांत माणसाला कामच उरणार नाही. गुरुवारी दुसरा विद्वान लिहितो की हे सगळं थोतांड आहे, काही बदलायचं नाही. तुम्ही आम्ही यातला एक धरू, एक सोडू आणि चहा पिऊ. साडभाऊ दोन्ही धरतात. "दोघंही शिकलेले मानसं होत मास्तर," ते म्हणतात, "खोटं कायले लिहितीन?" मी म्हटलं, अहो, पण दोन्ही एकदम खरं कसं असेल? तर शांतपणे म्हणाले, "थेच तं पाहा लागते. दोन साल थांबा जी."

त्यांना हसू नका. मी पुष्कळ हसून घेतलंय आणि मग मला माझीच लाज वाटली आहे. कारण या थांबण्याच्या मागे दोन जुनी दुखणी आहेत. पहिलं दुखणं एसटीडी बूथचं. भंडाऱ्याला लोक खिशात फोन घालून हिंडू लागले होते, अगदी त्या सुमारास साडभाऊंनी दिघोरीत एसटीडी बूथ काढला. काचेची केबिन, पिवळी पाटी, आत छोटा पंखा, बसायला उंच स्टूल. "मोबाइल म्हन्जे मोठ्या लोकायचं खेळनं होय," असं त्यांचं मत होतं. उद्घाटनाचा फोन त्यांनी मला शाळेत केला, आवाज येतो का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. वर्षभरात गावातले गुराखीसुद्धा मोबाइलवर बोलू लागले आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. साडभाऊंनी कानाला खडा लावला की यापुढे उशीर करायचा नाही. पुढे ट्रॅक्टर येणार, बैलांचे दिवस संपले, असा बोलबाला झाला तेव्हा गावात सगळ्यांच्या आधी बैलजोडी विकली ती साडभाऊंनी. त्या साली बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, असा काही चिखल झाला की गावात आलेला पहिला ट्रॅक्टर पहिल्याच बांधीत रुतला आणि चार दिवस निघाला नाही. पाचव्या दिवशी तो ओढून काढायला बैल आणले ते साडभाऊंनीच विकलेले. नव्या मालकानं मोठ्या मनानं दिले. बैलांनी साडभाऊंना ओळखलं, असं आमच्या ताई, म्हणजे साडभाऊंच्या मंडळी, अजून सांगतात. साडभाऊ त्या वेळी तिकडे बघत नव्हते.

तर एकदा उशीर झाला आणि एकदा घाई झाली. तेव्हापासून ते मधोमध उभे आहेत, आणि एआयचं ऐकल्यापासून तर त्यांनी तिथं मुक्कामच टाकला. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटली होती, तिच्या जागी दोरा होता आणि तो कानाभोवती गुंडाळावा लागे. मी म्हटलं, साडभाऊ, समोरच चष्म्याचं दुकान आहे, चला. म्हणाले, "आता कायले? दोन सालानं डोळ्याचंच काहीतरी निघून राहिलं म्हन्ते." दाढ ठणकत होती, ती काढायची नाही, कारण दाताच्या कामात तर यंत्र सगळ्यांत आधी येणार. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे नाहीत, कारण पुढे घरंच छापून मिळणार आहेत, असं त्यांनी त्या भज्यांखालच्या तुकड्यात वाचलं होतं. पावसाळ्यात माजघरात बरोबर मध्यावर गळायचं. ताईंनी तिथं एक मोठा गंज, म्हणजे आमटीचं पातेलं, आणून ठेवला. पाहुण्यांपैकी कोणी त्याला पाय लावला तर ताई म्हणायच्या, "असू द्या जी. याहीचा एआय येईस्तोवर थो गंज तठीच राहनार हाय." साडभाऊ यावर कधी चिडले नाहीत. ताईंचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे, असं त्यांना वाटत असावं.

बरं, तो येणारच असं धरून बसले असते तर निदान एक बाजू झाली असती. पण आला आणि मध्येच बंद पडला तर? याचीही तयारी पाहिजे. म्हणून त्यांनी कंदिलाच्या वाती आणून ठेवल्या, रेडिओ दुरुस्त करून घेतला, आणि फोन नंबर पाठ करायला सुरुवात केली. "फोनले सगळं माहीत हाय अन् आपल्याले काहीच माहीत नाही, असं होऊ द्या लागत नाही," म्हणून रोज सकाळी बांधावरून चालता चालता ते नंबर घोकतात. सत्तावीस नंबर त्यांना तोंडपाठ होते. मला म्हणून दाखवले. त्यात माझाही होता, पण तो माझ्या घरच्या जुन्या फोनचा, जो काढून टाकून आता इतकी वर्षं झाली की त्या जागेवर बायकोनं तुळशीचं कॅलेंडर लावलंय. मी तसं सांगितलं. साडभाऊ म्हणाले, "थे तुमचं तुमी पाहा जी. माझं पाठांतर बरोबर हाय."

शेवटी त्यांच्या मुलीनं, शीतलनं, त्यांच्या मोबाइलमध्येच एआय घालून दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही त्यालाच विचारा आणि काकाजींचं डोकं खाणं सोडा. काकाजी म्हणजे मी. साडभाऊंनी त्याला अदबीनं विचारलं, "जी, तुमी हे सगळं कवापर्यंत ताब्यात घेनार?" फोननं फार शुद्ध मराठीत आणि फार नम्रपणे उत्तर दिलं की भविष्याबद्दल खात्रीनं सांगणं कठीण आहे, काही तज्ज्ञांच्या मते मोठे बदल लवकर होतील, तर इतर काहींच्या मते त्यांना बराच काळ लागेल. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं साडभाऊ माझ्या दारात. "मास्तर, त्यालेच माहीत नाही! वरात दारी येऊन राहिली अन् नवरदेवालेच माहीत नाही का लगन हाय का नाही!" मग त्यांनी त्याची परीक्षा घेतली. आमच्या तलावाचं पाणी धानाला कधी सोडू, असं विचारलं. फोननं जमिनीतला ओलावा, पिकाची अवस्था, पावसाचा अंदाज असं दहा ओळी छान सांगितलं आणि शेवटी म्हणाला की अधिक माहितीसाठी स्थानिक जाणकारांचा सल्ला घ्यावा. "आता दिघोरीत पान्याचा जानकार कोन?" साडभाऊंनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच. "मंग? मी त्याले विचारून राहिलो अन् थो मले विचारून राहिला. आता आमी दोघानं मिळून कोनाले विचारावं?"  

पाण्याचा जाणकार हे मात्र त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. आमच्या भागात धान तलावावर जगतं. पाऊस दडी मारतो, धान निसवायला येतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला लागतात, आणि तेव्हा तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं दार उघडावं लागतं. त्या दाराला तुडुम म्हणतात. लवकर उघडलं आणि मागून पाऊस आला तर पाणी वाया जातं. उशीर केला तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसता फोल. गेलेलं पाणी परत तलावात भरता येत नाही. तर तुडुम कधी उघडायचं हे सांगण्याचा मान गेली तीसेक वर्षं गावानं साडभाऊंना दिला आहे, आणि चष्म्याची काडी दोन वर्षं न ठरवू शकणारा हा माणूस ते एका मिनिटात ठरवतो. चपला काढून बांधीत उतरायचं, टाच चिखलात दाबायची, एक लोंबी दोन बोटांत चोळायची आणि म्हणायचं, "उद्या सकाळी," किंवा "अजून नाही." संपलं. कधीकधी तुडुम उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी धो धो पाऊस येतो आणि लोक शिव्या घालतात. साडभाऊ म्हणतात, "पडला तं पडला," आणि घरी जेवायला जातात. हे एकाच माणसाच्या अंगात कसं राहतं, याचा मला कधी उलगडा झाला नव्हता.

शीतल ही त्यांची एकुलती एक. साकोलीत आमच्या घरी राहून शिकली, पुढे भंडाऱ्याला बीएससी केलं, आणि मग साकोलीतच रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. आम्हाला मुलगी नाही. ती संध्याकाळी कामावरून येऊन दारात सँडल झटकायची तो आवाज आला की मी पेपर खाली ठेवायचो. तर या शीतलला भंडाऱ्याच्या कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात असलेला आसगावचा एक मुलगा पसंत होता. तिनं ते माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला सांगितलं, आणि साडभाऊंना सांगायचं कोणीच नाही असं ठरलं. नाहीतर पसंत हाय का नाही हे कळायलाही त्यांनी दोन साल लावले असते. मुलाकडूनच रीतसर स्थळ आणवलं. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, घरी पवनी तालुक्यात धानाची शेती, माणसं सरळ. नाकारायला जागाच नव्हती, असं आम्हाला वाटलं.

उन्हाळ्यात पाहुणे दिघोरीला आले. आलुपोहे झाले, पाणी झालं. साडभाऊंनी शेती विचारली नाही, घर विचारलं नाही, पाव्हणे-रावळे विचारले नाहीत. कानाभोवतीचा दोरा घट्ट करून थेट मुलाकडे वळले. "तुमी काम काय करता जी?" मुलगा म्हणाला, "दुसऱ्यानं जे सॉफ्टवेअर बनवलं असते ना, त्याच्यातल्या चुका काढतो."  "हे तं आमच्या गावात सगळेच करतेत," साडभाऊ म्हणाले, "फुकट." सगळे हसले, मुलगाही हसला, साडभाऊ हसले नाहीत. "अन् हे काम एआयले जमते का?" "काही काही जमते." "मंग तुमी काय करान?" "त्याच्या चुका काढीन." "अन् त्यानं चुका करनं सोडून देलं तं?" मुलानं पोह्याची प्लेट खाली ठेवली. म्हणाला, "खरं सांगू का बाबाजी, मले माहीत नाही. आमच्या साहेबाले पन माहीत नाही. मी शिकत राहीन, एवढं सांगतो." मला तो मुलगा तिथंच आवडला. साडभाऊंनाही आवडला, मी त्यांचा चेहरा पाहत होतो. पण तोंडातून निघालं ते तेच. "दोन साल थांबा जी." मुलाच्या वडलांनी विचारलं, "दोन सालानं काय होनार हाय?" "कळनार हाय." "काय कळनार हाय?" "थेच तं आता माहीत नाही ना जी," साडभाऊ म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात शीतल उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांना धीट व्हा म्हणून सांगत आलो, आणि त्या दिवशी पोह्यातला बटाटा शोधत बसलो.

पाहुणे नाराज होऊन, पण न तोडता गेले. आणि साडभाऊंनी काय करावं? ज्या काळात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून घराघरात आया कपाळाला हात लावून बसल्या आहेत, त्या काळात हा माणूस आपल्या शिकलेल्या मुलीसाठी शेतकरी नवरा शोधायला निघाला. कारण खाणं तर लागणारच! ही बातमी पसरली तशी साडभाऊ ज्या गावात उतरत त्या गावातले पोट्टे त्यांना पाहून केस विंचरू लागले. आठ-दहा स्थळं पाहिली असतील. मग पेपरात आलं की ड्रोन फवारणी करतो आणि ट्रॅक्टर आता आपल्या आपण चालणार, तेव्हा शेतकरीही बाद झाला. मग एकेक धंदा तपासला. डॉक्टर जाणार, वकील जाणार, बँकवाले तर गेल्यातच जमा. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर तं सगळ्याहीच्या आंधी जातीन," आणि माझ्याच घरचा चहा प्यायले. शेवटी पावसाळ्यात वादळानं तार तुटली आणि त्यांच्या घरासमोरच्या खांबावर लाइनमन चढला, तेव्हा साडभाऊ खाली उभे राहून तासभर बघत होते. हा माणूस कुठं जात नाही, खांबावर एआय चढणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. लाइनमन खाली उतरल्यावर त्यांनी विचारपूस केली. त्याला बायको आणि दोन मुलं होती.

शीतल या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. पण संध्याकाळी सँडल झटकायचा आवाज येईनासा झाला. यायची, न झटकताच आत जायची. बायको मला म्हणाली, तुम्ही तरी काही बोला, तुमचे साडभाऊ आहेत. मी म्हटलं, तुझे भाऊजी आहेत. असे आम्ही दोघं शूर. दसऱ्यानंतर आसगावहून निरोप आला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, सगळे पाहुणे एका जागी जमतात आणि सोयरिकी तिथं जुळतात. मुलाला दुसरं स्थळ सांगून आलं होतं. तेव्हा मंडईच्या आत हो म्हणा की नाही म्हणा, पण सांगा, असा तो निरोप. त्यात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. आम्ही दोघं शीतलला घेऊन दिघोरीला गेलो. साडभाऊ अंगणात बसले होते. सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, दोरा परत गुंडाळला आणि म्हणाले, "उद्या सकाळी तलावावर जा लागते. पाऊस नाही पंधरा रोजापासून."

सकाळी अख्खं गाव तलावाच्या पाळीवर. भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान निसवलेलं, बांध्यांना भेगा पडायच्या बेतात. कोणाच्या मोबाइलमध्ये दोन दिवसांत पाऊस होता, कोणाच्या मोबाइलमध्ये आठवडाभर नव्हता, आणि दोघंही आपापला मोबाइल दुसऱ्याच्या नाकासमोर नाचवत होते. साडभाऊंनी चपला काढल्या, खाली बांधीत उतरले, टाच दाबली. लोंबी चोळली. वर येऊन म्हणाले, "सोडा." एक जण म्हणाला, "अजी, पन परवा पाऊस दाखवून राहिलं ना!" साडभाऊ म्हणाले, "पडला तं पडला." दोघांनी मिळून तुडुम उघडलं, पाणी पाटात शिरलं, आणि लोक आपापल्या बांध्यांकडे पांगले. शीतल सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती. बापाच्या हातात कप देता देता तिनं विचारलं, "बाबा, पाऊस येनार नाही, हे तुमाले माहीत हाय?"

"नाही."

"आला तं पानी वाया जाईन ना?"

"जाईन."

"मंग काहून सोडलं?"

"धानाची येळ झाली ना व. थो थांबते का?"

शीतल म्हणाली, "माझी पन झाली, बाबा."

साडभाऊंनी कप पाळीवर ठेवला.  पाटातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धानात चुकलो तं एक साल बुडते, पोरी. पुढच्या साली पाऊस येतेच. तुया बाबतीत चुकलो तं मी काय करू? मी दोनदा चुकलो हाव. तिसऱ्यांदा तुयावर नाही चुका लागत मले."  शीतल म्हणाली, "चुकलो तं आमी दोघं चुकू ना बाबा. तुमी नाही." मग ती खाली बसून किटलीचं झाकण उगाच काढत-लावत राहिली.

साडभाऊंनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, आता हेही एआयला विचारणार. पण त्यांनी नंबर दाबायला सुरुवात केली, कुठं न बघता, एकेक आकडा तोंडानं पुटपुटत. आसगावचा नंबर होता तो. सत्तावीस नंबर मी माझ्या कानांनी ऐकले होते, त्यात हा नव्हता. उन्हाळ्यापासून हा माणूस रोज सकाळी बांधावरून चालताना तो घोकत होता आणि लावत मात्र नव्हता. पलीकडून कोणीतरी उचलला. साडभाऊ म्हणाले, "मी दिघोरीहून बोलून राहिलो जी. मंडईले कायले थांबता? आजच या."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून असा पाऊस पडला की तलावाजवळच्या बांध्या तुडुंब भरल्या आणि साडभाऊंना अख्ख्या गावानं शिव्या घातल्या. ते कवेलूवाल्याची वाट बघत ओसरीवर बसले होते. लग्नघर म्हटल्यावर छत गळून कसं चालेल? कवेलू फेरले. चष्माही नवा आला, कारण शीतल म्हणाली की फोटोत दोरा दिसेल. लग्नाच्या पंगतीत खाता यावं म्हणून दाढही काढून टाकली. ताईंनी माजघरातला गंज घासून माळ्यावर ठेवला, पण हाताला लागेल इतपतच वर.

शीतल आता पुण्याला आहे. तिथंही लॅबमध्येच काम मिळालं. जावयाच्या कंपनीतून मध्ये काही लोकांना घरी पाठवलं, हा राहिला. पुढचं त्याला माहीत नाही, त्याच्या साहेबाला माहीत नाही. पेपरातले दोन्ही विद्वान अजून लिहितात, सोमवारचा सोमवारी आणि गुरुवारचा गुरुवारी. साडभाऊ अजून येतात, माझ्या खुर्चीत बसतात, पण पेपर उघडला की आधी पुण्याचं हवामान बघतात. एआयचं विचारायचं कित्येकदा विसरून जातात, आणि मग मलाच चुकल्यासारखं होतं. संध्याकाळी सहाला मी पेपर खाली ठेवतो. तेव्हा दारात कोणी सँडल झटकत नसतं.

परवा दिघोरीला गेलो होतो. संध्याकाळची वेळ, साडभाऊ घरात नव्हते. ताईंनी हनुवटीनं परसाकडे खूण केली. बघतो तर एसटीडीची ती जुनी केबिन धुऊनपुसून लख्ख, कोंबड्यांना बाहेर काढलेलं, आणि आत उंच स्टुलावर साडभाऊ मोबाइल कानाला लावून ताठ बसलेले. "फोनवर बोलाची जागा थेच होय म्हन्ते," ताई म्हणाल्या. "रोज सहा वाजले का जाऊन बसते." केबिनचं दार आता पूर्ण लागत नाही, त्यामुळे ऐकू येत होतं. कवा येता म्हणून विचारत होते. पलीकडून शीतल काय म्हणाली ते साडभाऊंनी मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "दोन महिने थांबू?"  मग म्हणाले, "दोन महिने लय होते व बाई."

बाहेर आले. मला पाहून ओशाळले नाहीत. मी आपलं हसत म्हटलं, साडभाऊ, सगळ्या जगाला दोन-दोन साल थांबवलंत, तुम्हाला दोन महिने जड झाले होय? त्यांनी कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून केबिनचं दार ओढून घेतलं, ते लागेना म्हणून एक वीट आणून टेकवली, आणि वीट सरकत तर नाही ना ते पायानं दाबून पाहिलं.

"दोन महिन्यात काय होईन, कोनाले माहीत जी," ते म्हणाले. "पुन्याची गाडी साकोलीहूनच सुटते ना मास्तर? उद्याची पाहा."